माळवदाच्या घराची तपासणी : एक अभिप्राय

लातूर जिल्ह्यातील आमच्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची तपासणी एका खासगी अभियंत्याकडून करून घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे का कोसळली, हे त्यांनी भिंतीपाशी उभे राहून समजावले : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी सांधलेले नसल्यामुळे हादऱ्याने ते फुगून एकमेकांपासून सुटतात आणि छतावरची जड माती झोपलेल्यांवर येते. भिंतीत आरपार काँक्रीटचे दुवे घालणे आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर लोखंडी जाळीसह सिमेंटचा सलग पट्टा फिरवणे, हे उपाय पटले. छतावरची माती कमी करण्याचा सल्लाही योग्यच (घर उन्हाळ्यात तापेल, ही आईची तक्रार वेगळी). अहवाल मात्र दोन महिने उशिरा मिळाला आणि कोपऱ्यांच्या सांध्यांची छायाचित्रे त्यात नव्हती.