दोन इम्प्लांट, सव्वा वर्ष: ओल्याचे जादा ८ हजार वसूल झाले का?

मागच्या आठवड्यात कळण्याची भाकरी खाताना उजवीकडची दाढ डुगडुगली. म्हटलं, गेले पैसे. त्याच रागात हे लिहायला घेतलं.

खालच्या जबड्यात माझे दोन इम्प्लांट आहेत, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेले खुंट; त्यांवर दाताची कॅप. डावा साधा, कोरड्या पाकिटातला. त्यानंतर चार महिन्यांनी बसवलेला उजवा काचेच्या नळीत मिठाच्या पाण्यात बुडवून आलेला. दोन्ही टायटॅनियमचेच, आटेही सारखेच. फरक पृष्ठभागाचा, आणि ८ हजारांचा. "पाण्याचे ८ हजार?" असं डॉक्टरांना तोंडावर विचारलं होतं.

जळगाव एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं (धातूवर पावडरचा रंग चढवण्याचं) शेड आहे, त्यामुळे पृष्ठभाग हा पोटापाण्याचा विषय. साधा इम्प्लांटसुद्धा ॲल्युमिनाने ब्लास्ट करून (कणांचा जोरात मारा करून) ॲसिडमध्ये टाकलेला असतो. ब्लास्टिंगचे मोठे खड्डे, त्यांच्या पोटात ॲसिडचे दोन-चार मायक्रॉनचे बारीक खड्डे. गुळगुळीत टायटॅनियमलाही हाड धरतं (स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेचना, तिथून हे सगळं सुरू झालं), पण खडबडीतला लवकर धरतं. इथवर पटलं.

पाण्याचं गणित मात्र उशिरा कळलं. टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. हाडाची गाठ पडते ती या थराशी. ताजा असतो तेव्हा त्यावर पाणी पसरतं. पुढे हवेतली कार्बनची घाण बसत जाते आणि पाणी थेंब होऊन वरच राहतं. आमच्याकडे ब्लास्ट केलेला जॉब रात्रभर उघडा राहिला की सकाळी पावडर धरत नाही. कारण वेगळं, दुखणं तेच. म्हणून ओला इम्प्लांट हवा लागू न देता, नायट्रोजन वायूच्या आवरणात धुऊन थेट पाण्यात बंद करतात. मग रक्त त्यावर लगेच पसरतं, रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि मागोमाग हाडाच्या पेशी येतात.

डॉक्टर मीटर लावून हाडातली पकड मोजत (शंभरपैकी आकडा, जास्त तितकी घट्ट). डावा बसवला तेव्हा ७२, तिसऱ्या आठवड्यात ६४. माझी झोप उडाली. जुन्या हाडाची पकड सुटते आणि नवं हाड अजून यायचं असतं, असा हा मधला काळ, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं? कॅप बसली तीन महिन्यांनी. उजवा ७१ वरून ६९ वर आला, इतकंच. सात आठवड्यांत कॅप. "दात बसना का?" (बसला का?) विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ओलाच घ्या म्हणून सांगत सुटलो.

आता शब्द मागे घेतो. परवा दोन्ही कॅप काढून मोजायला लावलं: डावा ७८, उजवा ७७. म्हणजे ८ हजारांत मिळाले पाच आठवडे. तेवढे दिवस मी शेवभाजीत भाकरी कुस्करून खाल्ली असती.

आणि डुगडुगत काय होतं? कॅपचा स्क्रू! हाड जागेवर, पृष्ठभाग जागेवर. दहा मिनिटांचं काम, काउंटरवर मागितले ६०० रुपये. भांडलो, ३०० वर आले. इम्प्लांटच्या बिलावर तर "इम्प्लांट १ नग" एवढंच. पाकिटावरचं कंपनी आणि लॉट नंबरचं स्टिकर मागितलं, तर सापडत नाही म्हणे. उद्या दुसऱ्या गावी स्क्रू सुटला तर त्या डॉक्टरला कंपनी कोणती सांगू?

वरची एक दाढ आता हलायला लागली आहे. वरचं हाड भुसभुशीत, तिथे ओलाच बरा, असं डॉक्टरांचं म्हणणं. बघू. स्टिकर हातात पडल्याशिवाय मी आ करणार नाही.