फादर की गावातला मास्तर?

नायजेरियातल्या इग्बो लोकांत कॅथलिक धर्म कोणी पसरवला म्हटलं की आयरिश जोसेफ शॅनहनचं नाव येतं, माणूस मोठा होताच, 1902 ला आला, 1905 पासून मिशनचा प्रमुख, पण मला विचाराल तर माझं मत मास्तरांना.

फादर मोजके नि गावं ढीगभर. यायचे, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), कन्फेशन, बाप्तिस्मे उरकायचे, की चालले पुढच्या गावाला. मास्तर तिथेच राहणारा प्रापंचिक माणूस, आठवडाभर पोरांना लिहायला-वाचायला शिकवायचा, धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचा आणि रविवारी फादर नसले की प्रार्थना पण तोच चालवायचा. भाषा घरचीच, त्यामुळे मध्ये दुभाषा नको.

1885 ला ओनित्शा या इग्बो शहरात आलेल्या आधीच्या फादरांनी गुलाम पैसे देऊन सोडवले, त्यांची वेगळी ख्रिस्ती वस्ती केली, चांगलं काम, पण बाकीचा समाज बाहेरच राहिला. शॅनहनने पैसा शाळांकडे वळवला तेव्हा कुठे गावं उघडली.

अर्थात मास्तरला मिस्सा म्हणता येत नव्हती, तिथे फादरच लागायचे. आणि बऱ्याच आईबापांना धर्मापेक्षा इंग्रजी हवं होतं, सरकारी कारकुनी मिळायची ना त्यावर!