गावविकास आराखडा करून देणारी सेवा : पेठ तालुक्यातील आमच्या पाड्याचा अनुभव

नाशिक शहरातील एका सल्लागार संस्थेकडून आमच्या पाड्याच्या ग्रामसभेने यंदा गावविकास आराखडा करून घेतला. इतर पाड्यांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, म्हणून त्या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

या संस्थेची शिवारफेरी, म्हणजे गावकऱ्यांसोबत शिवारात फिरून माहिती गोळा करण्याची फेरी, उत्तम होती. संस्थेच्या चमूत आमची कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलणारी एक मुलगी होती, त्यामुळे एरवी सभेत मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या बायाही बोलत्या झाल्या. अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला, तेव्हा एका आजीने ओढ्याची रेघ हाताने पुसली आणि मूठभर नागली (नाचणी) टाकून ती वाघदेवाच्या ठाण्याखालून नेली, कारण चैत्रात बाकीचा ओढा आटला तरी पाण्याचा झरा तिथेच टिकून असतो. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर उतरावा लागणाऱ्या आमच्या भागात या माहितीचे मोल फार मोठे आहे.

मात्र छापील मसुदा हाती आला, तेव्हा आम्हाला मोठा धक्का बसला. आमची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन त्यात 'पडीक' म्हणून दाखवून तिच्यावर वृक्षलागवड सुचवली होती. या जमिनीत पहिल्या वर्षी राब भाजून, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून, नागली लावतात, पुढे वरई आणि खुरासणी हे तेलबियांचे पीक घेतात आणि मग काही वर्षे तिला विसावा देतात. त्या विसाव्याच्या काळात तिथे गुरे चरतात. हे सगळे शिवारफेरीत सांगितलेले होते, पण तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. वाघबारसेला, म्हणजे वाघदेवाच्या पूजेच्या सणाला, जिथे सारा पाडा जमतो ते वाघदेवाचे ठाणे 'मोकळी जागा' झाले होते, आणि खळ्यावरच्या कणसरी मातेच्या, म्हणजे आमच्या धान्यदेवीच्या, पूजेचा तर कुठे उल्लेखही नव्हता. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामुदायिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे आमच्या दृष्टीने ही चूक केवळ टंकलेखनाची नव्हती.

आम्ही मसुदा परत पाठवला. संस्थेने वाद घातला नाही. तीच मुलगी पुन्हा आली, दोन दिवस राहिली आणि जमिनीच्या वर्णनात 'विसाव्यातील वरकस' असा स्वतंत्र रकाना घालून गेली. वृक्षलागवड आता झऱ्याच्या वरच्या उतारावर, ऐन आणि मोहाच्या झाडांची ठरली आहे. या सुधारणेत दीड महिना गेला आणि तोवर पेरण्यांची घाई सुरू झाली, ही तक्रार मात्र कायम आहे.

तरीही ही सेवा मी इतर पाड्यांना सुचवीन. फक्त काम देतानाच करारात लिहून घ्यावे की, छपाईपूर्वी संपूर्ण मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवला जाईल, तोही आपल्या बोलीत, आणि बाया रानातून परतल्यानंतरच्या वेळेला.