प्रपोजल लिहून देणाऱ्या सेवा: नागपुरात पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाही

संशोधन प्रकल्पाचं प्रपोजल तयार करून देणारी माणसं आता नागपुरातही मिळतात. कुणी थिसिसच्या टायपिंग-बाइंडिंगबरोबर हे काम घेतं, कुणी फक्त हेच करतं. हा आढावा कुठल्या एका दुकानाचा नाही, या सेवेचाच आहे. आमचं मत आधीच सांगतो. या सेवा मुख्यतः चांगलं इंग्रजी विकतात, आणि प्रपोजल इंग्रजीपायी क्वचितच पडतं. ते पडतं बजेटमध्ये, कागदपत्रांत आणि उद्दिष्टांच्या वाक्यांत.

योजना शोधून देण्याचं काम त्या कसं करतात, हे दोन मिनिटांत कळतं. समोर आलेल्या यादीत अजून ‘एसईआरबी’, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं जुनं मंडळ, लिहिलेलं असेल तर ती यादी जुनी आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं आणि एसईआरबी त्यात विलीन झालं. कोअर रिसर्च ग्रँटच्या जागी अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आली, नव्याने रुजू झालेल्यांच्या स्टार्ट-अप ग्रँटच्या जागी प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट. चांगला सल्लागार विषय विचारण्याआधी तुमची नेमणूक नियमित आहे का, रुजू कधी झालात, वय किती, कॉलेज अनुदानित की खासगी, हे विचारतो. हे न विचारता ‘दहा योजनांना टाकून बघू’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. सामाजिक शास्त्रांच्या लोकांना आयसीएसएसआर या त्यांच्या विषयांच्या संशोधन परिषदेचं वेगळं दार आहे. तिथे विज्ञानाच्या साच्यातलं प्रपोजल चालत नाही.

उद्दिष्टांच्या भागात या सेवा सर्वांत कमी पडतात. ‘नागपुरी संत्र्यावरील डिंक्या रोगाचा सखोल अभ्यास’ हे वाक्य कितीही छान इंग्रजीत लिहा, परीक्षकाला त्यात मोजण्यासारखं काही सापडत नाही. तेच असं लिहून बघा: काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या बागांमध्ये बुंध्याला पाणी लागणारं आळं आणि बुंध्याला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं अशा दोन पद्धतींत, बुंध्याजवळच्या मातीत फायटोफ्थोराचं प्रमाण तीन पावसाळे मोजणे. आता जागा आहे, तुलना आहे, मोजमाप आहे. बुंध्याशी पाणी साचलं की ही बुरशी बळावते, हे कारणही त्या तुलनेतच आलं. हे वाक्य भाड्याने मिळत नाही, ते विषयाच्या माणसालाच सुचतं. सेवेने फार तर पाच उद्दिष्टांची तीन करून द्यावीत. तेवढं केलं तरी पैसे वसूल समजा.

वेळापत्रकातही हीच गफलत असते. तयार साच्यातला तक्ता महिना १ ते ३६ असा सरळ धावतो. प्रत्यक्षात पैसे ऑगस्टमध्ये आले, जेआरएफची, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाची, जाहिरात, मुलाखत, रुजू होणं यात पावसाळा सरला, तर तीन वर्षांच्या प्रकल्पात दोनच पूर्ण पावसाळे हाती राहतात. मग वर लिहिलेले ‘तीन पावसाळे’ कुठून आणणार? मृग बहार, आंबिया बहार, कापसाचा हंगाम, नाग नदीचं उन्हाळ्यातलं पाणी, असं ऋतूला बांधलेलं काहीही असेल तर काम कुठल्याही महिन्यात सुरू झालं तरी चालेल असा तक्ता हवा. सल्लागाराने हा प्रश्न स्वतःहून काढला तर तो माणूस कामाचा आहे.

आता बजेट. पैसे द्यायचे तर ते इथेच द्यावेत, कारण साच्यातल्या चुका इथेच लाखांत जातात. पहिली चूक घरभाड्याची. जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी तो वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, झाला की ४२,००० हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. तीन वर्षांचं विद्यावेतन होतं १३,९२,०००. त्यावरचं घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे बदलतं: मुंबई, पुणे एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात. पुण्यात बनलेला साचा ३० टक्के धरतो, नागपूरला २० टक्केच बसतात. म्हणजे ४,१७,६०० च्या जागी २,७८,४००. फरक १,३९,२०० रुपयांचा. छाननीत हे कापलं जातं आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी चूक जीएसटीची. संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी पाच टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. बहुतेक उपकरणांवर आता १८ टक्के लागतात. आठ लाखांचं उपकरण जुन्या हिशोबाने ८.४० लाखांत बसतं, नव्या हिशोबाने ९.४४ लाखांत. मंजुरीनंतर हे १.०४ लाख कुठून आणायचे? रसायनांतून काढले की काम अडतं. म्हणून कोटेशन कर आणि वाहतुकीसह घ्यावं, वॉरंटी किती वर्षांची तेही त्यावर लिहून घ्यावं.

तिसरी चूक मोठी उपकरणं मागण्याची. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं बाहेरच्या संशोधकांसाठी नोंदवलेली असतात. नागपुरातल्याच व्हीएनआयटी, नीरी किंवा कापूस संशोधन संस्थेत असलेलं यंत्र आपल्या कॉलेजसाठी मागायचं असेल तर ते तिथे वापरून का भागणार नाही, हे प्रपोजलमध्येच लिहावं लागतं. भागत असेल तर यंत्र काढून नमुना-तपासणीचं शुल्क धरावं. प्रपोजल हलकं होतं आणि पटतं.

कागदपत्रांचं काम बहुतेक सेवा नीट करतात, हे मान्य करायला हवं. संस्थाप्रमुखाचं संमतिपत्र, वाङ्मयचौर्याबाबतचं अंडरटेकिंग, माणसांवर अभ्यास असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी, पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवरची नोंदणी, खासगी संस्थेला अनेकदा विचारला जाणारा, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, ही यादी त्यांना पाठ असते. पण संमतिपत्रावर सही आणि शिक्का तुम्हालाच आणायचा असतो. सोसायटीच्या कॉलेजांत फाइल प्राचार्यांकडून कार्यालयात आणि तिथून परत यायला वेळ जातो. अंतिम तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी पत्र टाइप होऊन टेबलावर हवं.

‘परदेशी ग्रँट मिळवून देऊ’ या जाहिरातीपासून जपून राहा. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, स्थिती आधी तपासावी. नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. आरोग्याचा विषय आणि परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी मंजुरी लागते. जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

दराबद्दल आमचं स्पष्ट मत: मंजूर रकमेच्या टक्केवारीवर काम कधीच देऊ नये. प्रपोजल लिहिण्याचं शुल्क प्रकल्पाच्या कुठल्याही हेडमध्ये बसत नाही, आणि मंजुरीआधीचा खर्च धरलाही जात नाही. मग ती टक्केवारी खोट्या बिलांतून निघते. पुढे जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातलं यूसी, म्हणजे पैसे कसे वापरले याचं प्रमाणपत्र, भरताना सही तुमची असते. ते यूसी अडलं की दुसऱ्या वर्षाचा हप्ताही अडतो. खात्यात जमलेलं व्याजसुद्धा भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारला परत करायचं असतं, इतका हा हिशोब बारीक आहे.

ठराविक रक्कम ठरवा, अर्धी आगाऊ, अर्धी फाइल हातात आल्यावर. बजेट सूत्रांसकट एक्सेलमध्ये मागा, पीडीएफमध्ये नको, म्हणजे दर बदलला की आकडा बदलता येतो. नामंजूर झालं तर परीक्षकांच्या शेऱ्यांवरून एक दुरुस्ती त्याच पैशांत करून द्यावी, हे लिहून घ्या. आणि तुमचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या प्रपोजलमध्ये वापरणार नाही, हेही. तसं झालं आणि दोन्ही प्रपोजलं एकाच परीक्षकाकडे गेली, तर अंडरटेकिंगवर सही केलेला माणूस तुम्ही असता.