ग्रँड कॅन्यन: दक्षिण काठ की उत्तर काठ?

अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचे दोन काठ सरळ रेषेत जेमतेम 16 किलोमीटर अंतरावर असले, तरी एका काठावरून दुसऱ्यावर मोटारीने जायला दरीला वळसा घालून सुमारे 345 किलोमीटर जावे लागते. म्हणून कोणता काठ पाहायचा, हे मुक्काम ठरवण्याआधीच ठरवावे.

दक्षिण काठ वर्षभर खुला असतो. मोफत शटल बस, विल्यम्स गावाहून येणारी रेल्वे आणि काठाकाठाने जाणारी, बरीचशी सपाट पायवाट यांमुळे मुलांकडे अमेरिकेला आलेल्या वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचे असेल, तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये. गर्दी मात्र गृहीत धरावी. मेदर पॉइंटला सूर्योदयापूर्वीच पोहोचावे. उन्हाची पहिली तिरीप वरच्या फिकट चुनखडीवर पडते, मग हळूहळू खालचे तांबडे थर उजळत जातात आणि तळ बराच वेळ निळसर सावलीत राहतो.

उत्तर काठ सुमारे 300 मीटरने अधिक उंच, थंड आणि सूचिपर्णी वृक्षांनी वेढलेला आहे. तेथे फारच थोडे पर्यटक जातात, आणि निवांतपणा हवा असणाऱ्याला तो नक्कीच अधिक भावेल. परंतु हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद असतो; शिवाय जुलै 2025 च्या वणव्यात तेथील ऐतिहासिक लॉज जळून गेल्याने, काय खुले आहे हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच बेत आखावा.