गोव्यातला 14 जणांचा व्हिला: घर मस्त, पण कुकर तीन लिटरचा

शिवोलीत आम्ही घेतलेल्या चार बेडरूमच्या व्हिलाला माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. घर सुंदर आहे, चिऱ्याचं जुनं बांधकाम, वर मंगलोरी कौलं, पुढे बाल्कांव म्हणजे गोव्याकडचा बसायचा ओटा, मागे पूल आणि माडाची झाडं, फोटोत दिसतं तसंच प्रत्यक्षात आहे आणि स्वच्छही आहे. साडेतीनच का, तर घर भाड्याने दिलंय 14 जणांना आणि आतलं सामान भरलंय सहा जणांपुरतं. व्हिलाचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण मालकीणबाईंना सगळं समोर बसून सांगून झालंय आणि त्यांनी ते लिहूनही घेतलंय. पण हल्ली आसगाव, शिवोली, हणजूण, मोरजी कुठेही बघा, अशी घरं भराभर भाड्याला निघतायत आणि आपली कुटुंबंच्या कुटुंबं ती घेतायत, म्हणून सविस्तर लिहितेय, घेणाऱ्यांसाठी पण आणि देणाऱ्यांसाठी पण.

आमची गँग म्हणजे सत्तरीच्या आसपासचे चौघं, मधल्या वयाचे आम्ही सहा आणि पोरं चार, त्यातलं सगळ्यात धाकटं चार वर्षांचं. आम्ही पुण्याचे, दीर-जाऊ ठाण्याचे, नणंद बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येणार. कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची होती, मंगेशीला अभिषेक होता, आणि ते झालं की मुलांना समुद्र. हॉटेल घेतलं असतं तर पाच-सहा खोल्या लागल्या असत्या आणि म्हातारी माणसं आपापल्या खोलीत टीव्ही बघत बसली असती. व्हिला घ्यायचा तो एकत्र राहायला, एकत्र जेवायला, रात्री पत्ते कुटायला. त्यामुळे मी घराची परीक्षा यावरच करते की सगळी माणसं एका वेळी नीट जेवू शकतात का, नीट आंघोळ करू शकतात का आणि नीट झोपू शकतात का. बाकी भिंतीवरची चित्रं, लटकते दिवे, केनचा झोपाळा, हे छान आहे, पण ते नंतर.

किचनपासून सुरू करते. दिसायला भारी, काळा ग्रॅनाइट, चार बर्नरची शेगडी, मायक्रोवेव्ह, कॉफी मशीन, वाइनचे ग्लास दोन डझन. आणि चहाचे कप सहा, कुकर तीन लिटरचा एकच, पातेलं सगळ्यात मोठं ते चार-पाच कप चहाचं. म्हणजे सकाळचा चहाच तीनदा ठेवायचा आणि पहिला कप पिणाऱ्याचा चहा पचून गेला तरी शेवटचा माणूस कप धुऊन मिळायची वाट बघतोय. तीन लिटरच्या कुकरमध्ये जेमतेम अर्धा किलो तांदूळ शिजतो, आम्हाला एका वेळच्या वरणभाताला किलो-सव्वा किलो तांदूळ लागतो. पोळपाट होतं, परात नव्हती, मग कणीक भिजवायची कशात? मिक्सर होता पण चटणीचं भांडं नव्हतं. माडाखाली नारळ पडलेले, केअरटेकर दादा सोलूनही देत होते, पण गोव्यातल्या घरात खवणी नाही याला काय म्हणावं, नारळ खवल्याशिवाय इथे कालवण होतं तरी कुठलं. सुऱ्यांना धार नाही, त्या सुरीने टोमॅटो चेपला जातो, कापला जात नाही.

मालक लोकांना माझं सांगणं, हा खर्च फार नाहीये हो. एक मोठा कुकर, एक पाच लिटरचा, दोन दणदणीत पातेली, कढई, दोन तवे, परात, खवणी, धारेच्या दोन सुऱ्या, 20 कप आणि 20 ताटल्या (14 जणांच्या घरात 14 ताटल्या ठेवल्या की एक फुटली की संपलं), सगळं मिळून एका रात्रीच्या भाड्यातसुद्धा बसेल. आणि कॉफी मशीन आम्ही कोणी सुरूही केलं नाही.

अजून एक गोष्ट, जी मराठी आणि गोव्याच्याही बऱ्याच घरांना लागते. देवदर्शनाच्या दिवशी माझ्या सासूबाईंना मासळी शिजलेल्या भांड्यातलं चालत नाही. आदल्या दिवशी म्हापशाच्या मार्केटातून इसवण (म्हणजे सुरमई) आणि बांगडे आणून मस्त तळून खाल्ले होते, मग दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा शिरा कशात करायचा हा प्रश्न, शेवटी दादांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणायला लागलो होतो, त्यांच्या घरचं कोरं पातेलं आणून दिलं. दोघं पेडण्याकडची, मराठी आपल्यासारखीच बोलतात, न सांगता त्यांना ती अडचण कळली. पण हे पाहुण्यांच्या नशिबावर का सोडायचं, शाकाहारी स्वयंपाकाची चार भांडी वेगळ्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवली तर जैन, गुजराती, आपले माळकरी सगळ्याच कुटुंबांना ते घर आवडेल.

आता बाथरूम. चार बेडरूम, चार बाथरूम, ऐकायला भरपूर. शिवोलीहून मंगेशीला तास-सव्वा तास लागतो, सकाळी लवकर निघायचं म्हणजे 14 आंघोळी दीड तासात. प्रत्येक बाथरूमला 15 लिटरचा गीझर. त्यातलं कडकडीत पाणी गार पाणी मिसळून फार तर दोन बादल्या होतं, मग पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं. बादलीने आंघोळ केली तर तेवढ्यात दोघांचं भागतं, पण बाथरूममध्ये बादलीच नाही! वर तो मोठा रेन शॉवर, त्याच्याखाली तेवढंच पाणी तीन-चार मिनिटांत संपतं. सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला वरून धारेखाली उभं राहून आंघोळ जमत नाही, त्यांना स्टूल, बादली आणि मग लागतो, आयुष्यभर तशीच आंघोळ केलीय त्यांनी. नणंदेच्या नवऱ्याने म्हापशाला जाऊन चार बादल्या, चार मग आणि प्लास्टिकचं एक स्टूल आणलं तेव्हा गाडं मार्गी लागलं. ते सगळं आम्ही तिथेच ठेवून आलो, पुढच्यांना होईल.

आणि टाकी. वर हजार लिटरची टाकी. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात हा सरकारी हिशोब आहे, 14 माणसांचे 1900 लिटर झाले, वर पूलमधून निघालेली पोरं परत परत शॉवर घेणार ते वेगळंच. त्यामुळे साडेदहा-अकराला नळ सूं सूं करायला लागायचे आणि दादा धावत जाऊन पंप लावायचे. विहिरीला पाणी भरपूर होतं, कमी होती ती टाकी. अशा घराला दोन हजार लिटरची साठवण हवीच आणि पंपाला आपोआप चालू-बंद होणारा फ्लोट स्विच हवा, म्हणजे कोणाला धावावं लागत नाही.

पूलबद्दल मात्र मला कडक बोलायचंय. पूल चार फूट खोल, पाणी स्वच्छ, दादा रोज क्लोरीन आणि पीएच तपासतात हे मी स्वतः बघितलं. पण लिव्हिंग रूमचा काचेचा दरवाजा सरकवला की सात-आठ पावलांवर पाणी, मध्ये काही नाही. ना कुंपण, ना फाटक. चार वर्षांचं पोर दरवाजा सरकवायला एका दिवसात शिकलं. गोव्याच्या मोठ्या बीचवर दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक असतात, लाल झेंडा लावतात, शिट्टी मारतात, इथे व्हिलात कोण आहे? आम्ही मोठ्यांनी पाळ्या लावल्या, दुपारी जेवून सगळे पेंगत असताना पण एक जण पूलकडे तोंड करून बसलेला. सुट्टी अशी घालवायची नसते. चार फूट उंचीचं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि त्याची कडी मुलांच्या हाताच्या वर, एवढं केलं तरी जीव शांत राहतो. पायऱ्यांशी धरायला दांडा आणि भिंतीवर टांगलेली फेकायची रिंग पण हवी. मुलं बुडतात तेव्हा आवाज करत नाहीत, हात हलवत नाहीत, म्हणून नजर असली तरी कुंपण लागतंच. "कुटुंबांसाठी उत्तम" असं जाहिरातीत लिहिणाऱ्या मालकाने हे आधी करावं, मग बाकीचं.

आता चांगलं सांगते, कारण ते पण खूप होतं. तळमजल्याला एक बेडरूम, तिचा पलंग योग्य उंचीचा, बाथरूमला उंबरठा नाही, कमोडशेजारी धरायला स्टीलचा बार, रात्री पायाशी मिणमिणता दिवा. मालकीणबाईंच्या आई शेवटची काही वर्षं तिथे राहायच्या, म्हणून केलेलं. माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना त्या खोलीत एकदाही कोणाला हाक मारावी लागली नाही. हा एक बार आणि ही एक खोली, यासाठीच मी अर्धा स्टार वाढवलाय. ज्यांच्याकडे अशी खोली आहे त्यांनी पूलच्या फोटोआधी तिचा फोटो टाकावा, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन निघालेला मुलगा तेच शोधत असतो.

गाद्या कडक आणि चांगल्या, वर पाणी न झिरपणारं कव्हर, ते गरजेचंच आहे, लहान मुलं असतात आणि हवाही दमट. जादा सहा गाद्या मात्र बंद कपाटात ठेवलेल्या, त्यांना बुरशीचा वास. इथला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, जून ते सप्टेंबर कपाटाला झडपांची दारं नसतील तर गादी, उशी, चामड्याच्या वस्तू सगळं बुरसटतं. दर आठ दिवसांनी ऊन दाखवायचं आणि कपाटात हवा खेळेल अशी दारं करायची, दुसरा उपाय नाही. तीच गोष्ट ओल्या कपड्यांची, 14 टॉवेल आणि पोहायचे कपडे वाळत घालायला एक छोटा स्टँड होता, मग बाल्कांवाच्या कठड्यावर, झोपाळ्यावर, खुर्च्यांवर कपडेच कपडे. मागच्या पडवीत छपराखाली चार लांब दोऱ्या बांधल्या तरी काम झालं असतं. आणि गेटपाशी पाय धुवायला नळ होता, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार, वाळू घरात आलीच नाही.

बाल्कांवातले दगडी सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, ही घरातली सगळ्यात वापरलेली जागा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडून पोई आणि उंडे हे गरम पाव घेऊन तिथेच चहा, संध्याकाळी तिथेच कॅरम. कॅरम बोर्ड, पत्ते, सापशिडी हे मालकीणबाईंनी ठेवलेलं आणि सोंगट्या पूर्ण होत्या. डायनिंग टेबल आठ जणांचं, म्हणजे दोन पंगती, मोठ्या चटया असत्या तर आम्ही आनंदाने एकत्र खाली बसलो असतो.

लाइट दोनदा गेली. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालले, एसी नाही, ते अपेक्षितच. वायफाय वरच्या मजल्यावर मरतुकडं, चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल जात नाही, वर एक जादा राउटर लागेल. मच्छरदाण्या प्रत्येक खिडकीला, शाबास. ओला-सुका कचऱ्याचे दोन डबे आणि कधी बाहेर ठेवायचे तो कागद भिंतीवर मराठीत पण लावलेला. त्याच कागदावर जवळचा दवाखाना, मेडिकल आणि 108 नंबर, गॅसचा कॉक कुठे, मेन स्विच कुठे. प्रत्येक घरात असा कागद हवा.

बुक करताना अजून एक विचारा, पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का. 1982 च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली भाड्याच्या घराला ती लागते, या मालकीणबाईंनी सर्टिफिकेट लगेच पाठवलं आणि आमचा विश्वास तिथेच बसला. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नाही हेही त्यांनी आधीच सांगितलं, बाजूला गावातली माणसं राहतात, त्यांची झोप आपल्या पार्टीपेक्षा महत्त्वाची आहे हे मला पूर्ण पटतं.

परवा मालकीणबाईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, मोठा कुकर, परात, खवणी आणि भांड्यांचं वेगळं कपाट. टाकीचं काम सुरू आहे म्हणाल्या, पूलच्या कुंपणासाठी माणूस माप घेऊन गेलाय. ते कुंपण उभं राहिलं की मी हेच रेटिंग बदलून साडेचार करणार आहे. तोपर्यंत असं बिनकुंपणाचं घर मोठ्या माणसांचा ग्रुप असेल तर डोळे झाकून घ्या, सहा वर्षांखालची मुलं असतील तर दुसरं घर बघा.