टीआय-८४ प्लस सीई: गृहपाठासाठी चार ओळींचे प्रोग्राम

टीआय-८४ प्लस सीई या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं नाव निघालं की लोक आधी रंगीत पडद्याचं कौतुक करतात. मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझ्या मते या यंत्राचं खरं मोल त्याच्या प्रोग्रामच्या कळीत आहे. एकच सूत्र गणितांमागून गणितांत लागत असेल तर ते एकदा लिहून ठेवावं, पुढे फक्त किमती भराव्यात. त्यासाठी टीआय-बेसिक ही भाषा यंत्रातच आहे. 'प्रॉम्प्ट' दिलं की यंत्र किंमत विचारतं, 'डिस्प' दिलं की उत्तर दाखवतं, मधल्या ओळीत आपलं सूत्र. इतक्यावर गृहपाठ बराच हलका होतो.

टाइप करणं मात्र जाचक आहे. अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने, तीही 'अल्फा' दाबून. शिवाय आज्ञा मेन्यूतूनच उचलावी लागते; कुणी डी-आय-एस-पी अशी अक्षरं जुळवली तर यंत्र तिला आज्ञा मानतच नाही. नवी मुलं इथेच अडखळतात. वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण संख्येची वेगळी, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण चूक झाल्याची सूचना आली की 'गोटू' निवडायचं, कर्सर थेट चुकलेल्या जागी जातो. ही सोय मला फार आवडते. प्रोग्राम लांबलचक असेल तर तो संगणकावर टीआय कनेक्ट सीई या सॉफ्टवेअरमध्ये लिहून केबलने पाठवावा, बोटांचे हाल करू नयेत.

एका वहीत मला फेकलेल्या चेंडूचा पल्ला उणे १२.४४ मीटर आलेला दिसला. वेग सेकंदाला २० मीटर, कोन ३० अंश. गुरुत्व त्वरण ९.८ धरलं तर उत्तर ३५.३५ मीटर यायला हवं. सूत्र चोख होतं, पण यंत्र कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात धरत होतं. म्हणून कोन असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची पहिली ओळ 'डिग्री' असावी असा माझा आग्रह आहे. प्रोग्राम लिहिता लिहिता 'मोड' दाबलं की ती आज्ञा मिळते. वायूंच्या गणितांतही तसंच करावं: तापमान सेल्सिअसमध्ये विचारायचं आणि २७३.१५ प्रोग्रामनेच मिळवायचे. २५ अंश भरले की आत २९८.१५ केल्विन जातात, आणि एका वातावरण दाबाला एक मोल आदर्श वायूचं आकारमान साधारण २४.५ लिटर येतं. हे उत्तर पाठ असलं की प्रोग्राम बरोबर लिहिलाय का, ते लगेच कळतं.

या यंत्राची मला खटकणारी गोष्ट म्हणजे चलांची सामायिक कोठारं. ए ते झेड आणि थीटा, एवढी सत्तावीस चलं सगळ्या प्रोग्रामांना मिळून आहेत. वायूच्या प्रोग्रामने 'टी'मध्ये २९८.१५ ठेवले, आणि गतीच्या प्रोग्रामने 'टी' न विचारताच वापरला, तर तेच २९८.१५ सेकंद म्हणून मुकाट्याने सूत्रात जातात. यंत्र हूं की चूं करत नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या सगळ्या किमती स्वतः विचारून घ्याव्यात, हाच त्यावर इलाज.

आणि नुसतं शेवटचं उत्तर दाखवणारे प्रोग्राम मला पटत नाहीत. चेंडूच्या गणितात वेगाचे आडवा आणि उभा असे दोन घटक, मग हवेतला वेळ, मग पल्ला, असं क्रमाने पडद्यावर आणावं. प्रत्येकानंतर 'पॉज' टाकलं की थांबून वहीत उतरवता येतं. वर्गसमीकरणाच्या प्रोग्रामातही विवेचक (वर्गमुळाखालची राशी) आधी दाखवला तर तो ऋण आहे का, हे मुलाला आधीच दिसतं.

२००४चा जुना टीआय-८४ प्लस घरात पडून असेल तर नवा घ्यायची घाई नको, हे सगळं त्यावरही चालतं. फक्त त्याच्या पडद्यावर एका ओळीत १६च अक्षरं मावतात, सीईवर २६. दोन्हीकडे रॅम पुसली गेली की तिच्यातले प्रोग्रामही जातात. जपून ठेवायचे असतील ते लिहून झाल्या झाल्या 'आर्काइव्ह' करा, म्हणजे रॅमबाहेरच्या कायमच्या साठ्यात हलवा.